गालिच्याच्या पाठीवरची चिठ्ठी

आज आपण जयपूरला जाणार आहोत. जयपूर म्हटलं की हवामहल, आमेरचा किल्ला, जंतरमंतर डोळ्यांसमोर येतं. त्यातलं काहीच आज दाखवणार नाही. आज तुम्हाला कोठारात नेतो, जिथे पर्यटकांना प्रवेश नसतो आणि वस्तू काचेच्या कपाटात नसतात, बासनात बांधलेल्या किंवा गुंडाळून रचून ठेवलेल्या असतात. आणि विषय आहे किडे. वाळवी, कसर, झुरळं, केसाळ अळ्या. हसू नका. इतिहासाच्या व्याख्यानात किडे कशाला, असं वाटणाऱ्यांसाठी आधी घरचीच गोष्ट सांगतो.

आमच्या गावच्या घराची दुरुस्ती निघाली तेव्हा मी कॉलेजात होतो. माळ्यावर पणजोबांच्या मोडी कागदांची एक लाकडी पेटी होती. पन्नासेक वर्षं तिला कुणी हात लावला नव्हता आणि तिला काही झालंही नव्हतं. गवंडीकाम सुरू होणार म्हणून आम्ही ती खाली आणली, पडवीत नव्या, ओल्या भिंतीला लावून ठेवली, वर ताडपत्री टाकली. चार महिन्यांनी काम संपलं आणि पेटी उघडली, तर वरचे कागद जसेच्या तसे आणि त्यांच्याखाली माती. दोन बोटं आत घातली तर थेट तळाला लागली. ‘वाळवीनं खाल्लं’ असं आमच्या घरात अजून सांगतात. खरं सांगायचं तर आम्हीच ताट वाढून ठेवलं होतं. अंधार, ओल, उब, लाकूड, कागद आणि चार महिने कुणी उघडून बघणार नाही याची हमी. वाळवीला आणखी काय हवं?

त्या पेटीत काय होतं ते आता कधीच कळणार नाही. कदाचित नुसत्या उसनवारीच्या नोंदी असतील. पण कदाचित, हा शब्द मला गेली कित्येक वर्षं सोडत नाही.

आता जयपूरशी याचा काय संबंध? शिवाजी महाराज १६६६ साली आग्र्याला गेले, १२ मे रोजी औरंगजेबाच्या दरबारात उभे राहिले, मग नजरकैद, मग सुटका. हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे. पण त्या दिवसांत तिथे प्रत्यक्ष काय चाललं होतं, हे त्याच दिवसांत कुणी लिहिलं? बखरींत आहे, पण त्या नंतरच्या. आग्र्यात बसून त्याच वेळी लिहिणारी माणसं होती आमेरची. मिर्झाराजे जयसिंगांचा मुलगा कुंवर रामसिंग याच्यावर महाराजांची जबाबदारी होती, आणि रामसिंगाच्या पदरचा परकालदास हा आमेरच्या कल्याणदासाला पत्रांनी सगळी खबर कळवत होता. महाराज दिसायला कसे होते, लवाजमा केवढा होता, दरबारात काय बोलणं झालं, हे सगळं त्यांच्या ढुंढाडी वळणाच्या राजस्थानीत. सर जदुनाथ सरकार आणि सीतामऊचे रघुबीरसिंह यांनी ही पत्रं इंग्रजी अनुवादासह सिद्ध केली. ते पुस्तक १९६३ साली आलं, तेव्हा जदुनाथ हयात नव्हते.

म्हणजे आपल्या इतिहासातल्या सर्वांत थरारक प्रसंगाचा जवळून पाहिलेला वृत्तांत आपल्याकडे आहे तो जयपूर संस्थानच्या दप्तरामुळे. तीनशे पावसाळे तो कागद टिकला. शिवाय त्याने बिऱ्हाडंही बदलली. १७२७ मध्ये सवाई जयसिंगांनी जयपूर वसवलं आणि राजधानी आमेरहून खाली मैदानात आली. १९४९ मध्ये संस्थान विलीन झालं. १९५५ मध्ये राजस्थानचं राज्य अभिलेखागार जयपुरात सुरू झालं, ते १९६० मध्ये बिकानेरला हलवलं. सव्वातीनशे किलोमीटर अंतर. जयपूरचं जुनं दप्तर आज तिथे आहे, पुरंदरच्या तहाचा फारसी कागदही तिथे आहे. एकेका स्थलांतरात रुमाल सुटतात, गाड्या भरतात, गठ्ठे एखाद्या व्हरांड्यात पडून राहतात. आमच्या पडवीत जे झालं ते तिथे होऊ शकलं असतं.

आपल्याकडे ते झालंच. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. त्यानंतर ते आयुष्यभर दप्तरांसाठी गावोगाव हिंडले. सापडलेलं आपण वाचतो. उंदरांनी आणि वाळवीनं आधीच संपवलेलं किती होतं, याचा खंड कुणी काढू शकत नाही.

आता गालिच्यांकडे येऊ. आपल्याकडे शिवकाळापासून अठरा कारखाने आणि बारा महाल होते, हे तुम्ही वाचलं असेल. पुण्यातल्या मंडळींना फरासखाना म्हटलं की पोलीस ठाणं आठवतं, पण फरासखाना म्हणजे मुळात तंबू, कनाती, बिछायती, सतरंज्या यांचा कारखाना. कारखाना म्हणजे इथे फॅक्टरी नव्हे, खातं. जयपूरकडे असे छत्तीस कारखाने सांगतात. पोथीखाना ग्रंथांचा, सूरतखाना चित्रांचा, सिलेहखाना शस्त्रांचा, तोशाखाना कपडे आणि किमती वस्तूंचा, कपडद्वारा खजिन्याचा आणि महत्त्वाच्या कागदांचा. आज सिटी पॅलेसमध्ये १९५९ साली स्थापन झालेलं जे महाराजा सवाई मानसिंह द्वितीय संग्रहालय आहे, त्याचा संग्रह याच खात्यांतून आलेला आहे.

सतराव्या शतकात आमेरच्या राजांनी उत्तमोत्तम गालिचे जमवले. काही लाहोरचे, काही इराणचे. १९२९ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमचे कॅम्बेल हे गालिचे तपासायला जयपूरला आले. त्यांनी गालिचे उलटे करून पाहिले. पाठीवर चिठ्ठ्या शिवलेल्या होत्या. चिठ्ठीत वर्णन, लांबी-रुंदी, कुठे कुठे खरेदीचं ठिकाण आणि किंमत, आणि मोजदादीची तारीख. गालिच्यांचे अभ्यासक या चिठ्ठ्यांवर आजही जीव टाकतात, कारण अमुक गालिचा अमुक सालाच्या आधी विणलेला आहे हे सांगणारा असा पक्का पुरावा फार थोड्या जुन्या गालिच्यांना असतो. अल्बर्ट हॉल संग्रहालयात चारबागेच्या नक्षीचा एक प्रसिद्ध इराणी गालिचा आहे, सुमारे अठ्ठावीस फूट लांब. पाण्याचे पाट, त्यांत मासे, कडेला झाडं. त्याच्यावरची नोंद १६३२ सालची आहे. १९३७ मध्ये तो आमेरच्या राजवाड्यातल्या एका बंद खोलीत सापडला.

कलेचे अभ्यासक चिठ्ठीवरची तारीख पाहतात. मी चिठ्ठीमागचं काम पाहतो. अठ्ठावीस फुटी गालिच्याची मोजदाद करायची म्हणजे काय करावं लागत असेल? तो कोठारातून बाहेर काढायचा, अंगणात किंवा दालनात उलगडायचा, पाठ वर करायची, चिठ्ठी वाचायची, वहीशी ताडायची. एवढं करताना त्याची धूळ झटकली जाते, त्याला वारा लागतो, घडीतल्या अळ्या उजेडात येतात, कुठे कातरलंय ते दिसतं. कारकुनाला वाटत असेल आपण चोरी पकडतोय, आणि पकडली जात असेल कसर. हा माझा तर्क आहे, तसं कुठल्या वहीत लिहिलेलं मला दाखवता येणार नाही. पण किडीबद्दल आज जे ठाऊक आहे त्याच्याशी तो जुळतो.

कारण लोकर खाणारी कीड कशी वागते बघा. गालिचाभुंगा नावाचा एक किडा आहे, तांदळाच्या दाण्याहून लहान, अंगावर पिवळट-पांढरे ठिपके. प्रौढ किडा बिचारा फुलांतले पराग खातो आणि उजेडाकडे, खिडकीकडे उडतो. खरी नासधूस त्याची केसाळ अळी करते. तिला लोकर, रेशीम, पिसं, कातडं, मेलेले किडे सगळं चालतं. तिला अंधार हवा आणि मुख्य म्हणजे शांतता हवी. घडीत, शिवणीत, गुंडाळीच्या आतल्या फेऱ्यात ती महिनोन्‌महिने काढते. त्यामुळे ‘बंद खोलीत होता म्हणून वाचला’ असं त्या चारबागेच्या गालिच्याबद्दल कुणी म्हणालं तर मला पटत नाही. बंद खोली हे अळीचं माहेर आहे. तो वाचला त्यात जयपूरची कोरडी हवा असेल, आधीच्या लोकांची निगा असेल, आणि बराचसा दैवाचा भाग असेल.

हा भुंगा येतो कुठून? अल्बर्ट हॉलसमोर गेलात तर तुम्हाला हजारो कबुतरं दिसतील. पर्यटक दाणे टाकतात, एकदम थवा उडतो, मागे ती सुंदर इमारत, फोटो छान येतो. मीही काढलाय. पण जगभरच्या संग्रहालयांत कीड शोधणारी माणसं छज्ज्यावरचं पाखराचं घरटं आधी बघतात. पडलेली पिसं, मेलेली पिल्लं, वाळलेली घाण हे गालिचाभुंग्याचं मूळ घर. तिथून फटीतून आत यायला त्याला फार प्रवास करावा लागत नाही. हे फक्त एका इमारतीबद्दल बोलत नाहीये. छज्जे, झरोके आणि जाळ्या असलेल्या प्रत्येक जुन्या वास्तूचं हेच दुखणं आहे.

आता अशा वास्तूत दुरुस्ती निघाली असं समजा. कोठाराची खोली रिकामी करायची आहे. छत गळतंय, वायरिंग जुनं झालंय, नवी कपाटं यायची आहेत. हेतू चांगला. पण नीट बघा काय काय होतं. बांबूची परांची येते, तिच्यात भुंगा असतो. प्लायवूड येतं, पुठ्ठ्याची खोकी येतात. पुठ्ठ्याच्या कड्यांत झुरळांची अंडी आणि कसरीला आवडणारी खळ. भिंतींना गिलावा होतो, त्यावर दिवसातून दोन वेळा पाणी मारतात आणि खोलीतली आर्द्रता चढते. ती ६५ टक्क्यांच्या वर जाऊन राहिली की बुरशीला आमंत्रण, आणि बुरशी चरायला येणारे बारीक पुस्तकी किडे पाठोपाठ. फरशी उकरली जाते, जमिनीतली वाळवी मोकळी होते. कामगार तिथेच जेवतात, त्यांना दुसरी जागा कुणी दिलेली नसते, दोष त्यांचा नाही. रात्री काम चालतं म्हणून मोठे दिवे लागतात, दारं उघडी असतात, आणि बाहेरचा प्रत्येक उडणारा किडा आत येतो. आणि नेमक्या याच काळात, ज्या वस्तू वर्षानुवर्षं वेगवेगळ्या कपाटांत होत्या त्या एकाच ‘तात्पुरत्या’ खोलीत एकावर एक रचल्या जातात. एका शालीला कसर असेल तर आता ती सगळ्यांची होते. वर प्लॅस्टिक. आत काय चाललंय ते काम संपेपर्यंत कुणी बघत नाही.

आमची पडवी, फक्त मोठ्या प्रमाणावर.

जयपूरनं कोठारातल्या ओलीचा धडा अलीकडेच घेतला. १४ ऑगस्ट २०२० ला शहरात मुसळधार पाऊस झाला आणि अल्बर्ट हॉलच्या तळघरात पाणी भरलं. तिथे तूतू नावाने ओळखली जाणारी इजिप्तची ममी होती. कर्मचाऱ्यांनी काच फोडून ती बाहेर काढली आणि ती बचावली. ज्यांनी ते केलं त्यांना माझा नमस्कार. मात्र तळघरातल्या फायली आणि बऱ्याच वस्तू भिजल्या, कागद पसरून वाळवावे लागले. बातम्यांत ममीच आली, साहजिक आहे. पण पाणी ओसरलं की संकट संपत नाही, किडीच्या दृष्टीने तिथे सुरू होतं. भिजलेल्या कागदावर दोन-तीन दिवसांत बुरशी येऊ शकते, आणि मग ओले गठ्ठे घाईने जिथे जागा मिळेल तिथे हलतात, कोरड्या वस्तूंच्या शेजारी. हे संग्रहालय उभं करण्यात थॉमस होल्बाइन हेंडली यांचा मोठा वाटा होता आणि ते पेशाने सर्जन होते. १८८३ चं जयपूर प्रदर्शन त्यांनी भरवलं, १८८७ मध्ये अल्बर्ट हॉल उघडला. आजाऱ्याला निरोग्यापासून वेगळं ठेवायचं हा डॉक्टरांचा नियम संग्रहालयाला जसाच्या तसा लागू पडतो.

जुन्या लोकांकडे काय उपाय होते? बरेच होते. पोथी लाल कापडाच्या बासनात दोन फळ्यांमध्ये घट्ट आवळून बांधायची, म्हणजे पानांत फट राहत नाही आणि किड्याला शिरता येत नाही. वेखंड, कडुनिंबाचा पाला, लवंग, कापूर. जयपूरजवळच्या सांगानेरला हातकागद बनतो, आपल्याकडे जुन्नरचा आणि दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा प्रसिद्ध होता. या कागदाला खळ लावून घोटतात, आणि कसर अक्षरांसाठी येत नाही, खळीसाठी येते. म्हणून काही ठिकाणी कागदाला हरताळ चोळायचे. हरताळ म्हणजे पिवळं आर्सेनिक, विषच. चुकलेल्या अक्षरावरही तोच फासायचा, म्हणून आपण ‘हरताळ फासला’ म्हणतो. जुनी पिवळी पोथी चाळताना बोटाला थुंकी लावू नका एवढं त्यातून लक्षात ठेवा. विसाव्या शतकात संग्रहालयांनीही हाच विषाचा रस्ता धरला. आर्सेनिक, पाऱ्याचे क्षार, डीडीटी, नॅप्थलीन. किडे मेले, पण ते विष वस्तूंत उरलं आणि हाताळणाऱ्यांना आजही त्याची भीती आहे.

मला सगळ्यांत शहाणी वाटते ती राजस्थान-गुजरातेतल्या जैन भांडारांची रीत. कार्तिक शुद्ध पंचमीला, ज्ञानपंचमीला, पोथ्या बाहेर काढायच्या, झटकायच्या, नवी बासनं घालायची आणि पूजा करायची. तिथी बघा. पावसाळा सरलेला, हवा कोरडी झालेली. जयपुरात एका रजईवाल्याशी बोलत होतो. मी विचारलं, माल पावसात कसा सांभाळता? तो म्हणाला, ‘भाईसाब, बारिश में खोलते ही नहीं. बारिश जाए तब खोलते हैं, एक-एक.’ त्याने ज्ञानपंचमीचं नावही घेतलं नाही. धंद्याने शिकवलेलं होतं.

आजचं शास्त्र याच वाटेवर परत आलंय. २०११ मध्ये रोमच्या इक्रॉम या संस्थेने युनेस्कोबरोबर १३६ देशांतल्या सुमारे दीड हजार संग्रहालयांकडून माहिती घेतली, तेव्हा कोठारांत ठेवलेल्या संग्रहांपैकी साठ टक्के धोक्यात असल्याचं दिसलं. ‘री-ऑर्ग’ ही पद्धत याच प्रश्नासाठी आहे. कोठार थोडक्या पैशांत आणि आहे त्या माणसांनी कसं लावायचं, याची ती रीत. तिच्यात पहिली पायरी औषध फवारणं ही नाहीच. आधी कोणती वस्तू कुठे आहे याची यादी. यादी नसेल तर काय खाल्लं गेलं हेसुद्धा कळत नाही.

दुरुस्तीच्या बाबतीत म्हणाल तर जाणकार काम सुरू व्हायच्या बरेच आधीपासून कोपऱ्याकोपऱ्यात चिकट सापळे ठेवतात. औषध नसलेला, नुसता डिंकाचा कागद. कोणता किडा, कुठे, किती, हे दर आठवड्याला लिहायचं, म्हणजे काम सुरू झाल्यावर आकडा चढला तर लगेच कळतं. हलवण्याआधी प्रत्येक वस्तू उघडून बघायची. संशयित वस्तू वेगळ्या खोलीत. कीड सापडली तर गोठवणं: हवाबंद पिशवीत उणे ३० अंशांना तीन दिवस, किंवा उणे २० ला आठवडा-दोन आठवडे. ज्यांना थंडी सोसत नाही अशा वस्तूंसाठी ऑक्सिजन काढून घेतलेलं पाकीट, त्यात दोन-तीन आठवडे. कॅनडातल्या टॉम स्ट्रँग यांनी तर उन्हाचा उपयोग करून दाखवला. काळ्या पिशवीत वस्तू गुंडाळून उन्हात ठेवायची. उष्णता आत जाते, प्रकाश जात नाही, म्हणून रंग विटत नाहीत. आपल्या आज्या चैत्रात शालींना ऊन दाखवायच्या त्यात चूक एवढीच होती की रंगांनाही ऊन लागायचं. आणि नवी खोली? ती कितीही देखणी झाली तरी गिलावा पुरता सुकल्याशिवाय, आर्द्रता मोजून खाली आल्याशिवाय आत काही न्यायचं नाही. उद्घाटनाची तारीख ठरलेली असते आणि भिंत ओली असते, इथे सगळं फसतं. पाहुणे बोलावलेले असतात, भिंतीला कुणी विचारत नाही.

एका गोष्टीवर माझं मत ठाम आहे. दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात सिमेंट, फरशी, रंग, एसी सगळ्यांचा खर्च असतो. चार महिने दर आठवड्याला गठ्ठे उघडून बघणाऱ्या माणसाचा पगार नसतो. आमेरच्या कोठारात मोजदाद करणारा माणूस होता. त्याचं नाव आपल्याला माहीत नाही, त्याने शिवलेली चिठ्ठी लंडनहून माणूस येऊन वाचून गेला.

जाता जाता, जो प्रश्न मला नेहमी विचारला जातो तो घेतो. इंदूर, बडोदा, ग्वाल्हेर, तंजावर, बेळगाव, कुठूनही असो, प्रश्न एकच: ‘घरी जुने कागद आहेत, डांबराच्या गोळ्या टाकू का?’ नको. त्या तुमच्या छातीला वाईट, आणि वाळवीला त्यांनी फरक पडत नाही. पेटी जमिनीवर आणि भिंतीला टेकून ठेवू नका, चार विटांवर ठेवा, मागे वीतभर जागा सोडा, वाळवीची मातीची नळी चढताना दिसली पाहिजे. घराचं काम निघालं तर पेटी आधी नातेवाइकांकडे पोहोचवा. कसर दिसली तर कोरडे कागद दोन प्लॅस्टिक पिशव्यांत घालून, हवा काढून, तोंड पक्कं बंद करून घरच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. फोटोच्या काचा, मेणाच्या मोहरा, रंगवलेलं लाकूड त्यात घालू नका. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, पूर्ण एक दिवस तशीच ठेवायची. नाहीतर थंड कागदावर दव धरतं आणि सगळी मेहनत ओली होते.

आमच्या पेटीतले वरचे जे कागद वाचले, ते एकोणचाळीस आहेत. मोजलेत. मोडी वाचणाऱ्या एका मित्राने अकरा वाचून दिलेत. खरंच उसनवारी आहे, पण एका वर्षी बियाण्यालाही पैसे नाहीत असं लिहिलंय, आणि पुढचा कागद नाही.